सुनेच्या झोपाळ्याची चाल

व्यासराजने कॅसेट मशीनमध्ये सरकवली, मागे वळला आणि भरल्या हॉलला हुकूम सोडला, "आता कोणी बोलायचं नाही. पहिल्यांदा नुसतं पाहा. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा डोळ्यांत पाणी येईल."

डोळ्यांत पाणी येणार हे त्याचं भाकीत अगदी खरं ठरलं. कशाने येणार, एवढंच बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

सोफ्यावर मधोमध विजयराघव राव बसले होते, कडक इस्त्रीची धोतरवजा वेष्टी आणि चेहऱ्यावर निकाल लागून गेल्यासारखं समाधान. त्यांच्या शेजारी कवी चंद्रमौळी. व्हिडिओतलं गाणं त्याचं, आणि समोरचा मुरुक्कूच्या चकल्यांचा डबाही आता जवळजवळ त्याचाच झाला होता. गल्लीतले पुरुष बाकांवर, बायका जमिनीवर आणि स्वैपाकघराच्या दारात. खुद्द उमेदवार, म्हणजे अंबुजा, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, कारण फिल्टरमधलं कॉफीचं डिकाशन उतरलं की नाही ते उमेदवारालाच पाहायचं होतं.

अंबुजा उमेदवार कशी झाली, हे कुंभकोणमला सगळ्यांना पाठ होतं. नगरपालिकेच्या या वॉर्डासाठी विजयराघव राव दोन वर्षं घसा कोरडा करत होते. एकही बारसं, एकही तेरावं त्यांनी सोडलं नव्हतं. गटारावर फरशी बसली की फरशीपेक्षा आधी हे तिथे उभे. आणि सन शहाण्णवमध्ये निवडणूक तोंडावर आली, तेव्हा सरकारने जाहीर केलं की हा वॉर्ड बायकांसाठी राखीव. त्या दिवशी जेवताना त्यांनी दोनदा मीठ मागितलं आणि तिसऱ्यांदा मान वर करून बायकोकडे पाहिलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर एखादा नवरा बायकोकडे इतकं नीट पाहतो, तेव्हा समजावं की सरकारी गॅझेट आलंय.

"तू उभी राहा," ते म्हणाले. "बाकी मी बघतो."

"बाकी म्हणजे काय?" अंबुजाने विचारलं.

"बाकी म्हणजे सगळं."

पक्षाने तिकीट भलत्याच्याच मेहुणीला दिलं, म्हणून अंबुजा अपक्ष. चिन्ह छत्री. पोस्टरवर यांचा फोटो ताटाएवढा, तिचा वाटीएवढा, आणि खाली 'श्रीमती विजयराघव राव'. अंबुजाने यावर एक अक्षर काढलं नाही. घरातला नेहमीचा रिवाजच तो, या वेळी छापून आला इतकंच.

पण मग ती दारोदार हिंडली, आणि भलतंच झालं. आधी नुसते हात जोडायला गेली. बायका पाट देऊन बसवायच्या, कॉफी द्यायच्या आणि सांगायच्या. नळाला पाणी येतं ते नेमकं मुलांना शाळेत धाडायच्या घाईत, तेही करंगळीएवढं. कोपऱ्यावरच्या बोअरिंगचा दांडा मोडून वर्ष झालं. घागरीवरून रोज भांडणं, आणि पुरुष विचारतात की तुम्हा बायकांना भांडायला दुसरं काही मिळत नाही का. अंबुजा ऐकत गेली, आणि एका दुपारी उन्हातून घरी येताना तिच्या लक्षात आलं की ती जागा तिला हवी आहे. नवऱ्यासाठी नव्हे. तिला स्वतःला हवी आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आपल्याला काहीतरी इतकं हवंसं वाटावं याची तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा आनंद जास्त झाला.

टीव्हीवर आधी मुंग्या आल्या, मग तिरुवलंचुळीजवळचं हिरवंगार भाताचं शेत आलं.

व्यासराज हा विजयराघव रावांचा धाकटा भाऊ. पुढच्या खोलीत त्याचं कॅसेटचं दुकान. केबल आली आणि दुकानावर माश्या बसल्या, तेव्हापासून त्याने लोकगीतांच्या व्हिडिओंचा ध्यास घेतला होता. केबलवर रोज संध्याकाळी हे व्हिडिओ लागत. ज्यांनी आयुष्यात भात फक्त पानात पाहिला अशा पोरी साटिनची चोळी घालून हातात सुपं घेऊन शेतात नाचत, आणि त्याला म्हणायचं खेड्यातलं गाणं. निवडणुका आल्या की त्याच पोरी, तेच शेत, तीच सुपं. फक्त ज्या पक्षाने बोलावलं असेल त्याच्या रंगाचे काठ साडीला. व्यासराजच्या मते लोकजागृती ती हीच.

आता पडद्यावर अंबुजा आणि तिची धाकटी जाऊ वेंकटलक्ष्मी डोक्यावर घागर घेऊन बांधावरून येत होत्या. दोघींच्या माना अवघडल्या होत्या, कारण दोघींच्याही डोक्यावर उभ्या जन्मात घागर बसली नव्हती. दोघींचे ओठ हलत होते. चित्रीकरणाच्या दिवशी गाणं तयारच नव्हतं. व्यासराज म्हणाला होता, "वैनी, तुम्ही नुसतं एक दोन तीन चार म्हणा. गाणं मागाहून मद्रासला भरतो." त्यामुळे मतदारांशी अंबुजाचा पहिला संवाद हा असा आकड्यांत झाला होता.

मग ढोल वाजला, मद्रासच्या गायिकेने सूर लावला, आणि अंबुजाच्या हातातला कॉफीचा डवरा खाली पडला.

ती चाल सुनेच्या झोपाळ्याची होती.

या तंजावरी मराठी घरात नवी सून आली की दुसऱ्या दिवशी पुरुषांना भजनाला गोविंदपुरम्‌ला पिटाळायचं, हा तंजावरच्या दरबारापासूनचा रिवाज. सगळे पुरुष, अगदी नवरदेवसुद्धा. ते गेले की दार लावायचं, सुनेला हॉलमधल्या झोपाळ्यावर बसवायचं, शेजारपाजारच्या बायका बोलवायच्या, आणि घराचं गाणं म्हणायचं. आधीच्या सुनांची कडवी ओळीने झाली की नव्या सुनेने आपलं एक कडवं जोडायचं. त्यात सासरच्यांना काय वाटेल ते बोलायचं. त्या दिवशी सगळं माफ. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जन्मभर गप्प. सौदा तसा चोख होता.

पहिलं कडवं तंजावरचं संस्थान खालसा झालं तेव्हाचं:

*राजाची गेली गादी, यांचा गेला न ताठा, झुला गे झुला,*
*पगडी टांगली खुंटीला, तिलाच वाढत्यें आतां, झुला गे झुला.*

मग रुळावरून गाडी आली, तर त्या वेळच्या सुनेने म्हटलं:

*आगीची गाडी आली, मद्रास दूर नाहीं, झुला गे झुला,*
*न्हाणी ते चुलीपावत, वाट माझी सरत नाहीं, झुला गे झुला.*

अंबुजाच्या धाकट्या चुलतसासूबाई सत्तेचाळीस साली आल्या. त्यांनी गायलं की स्वराज्य आलं म्हणतात, तोफा वाजल्या, पण किल्ल्यांचा जुडगा अजून सासूच्या कमरेला आहे. वेंकटलक्ष्मी आली तेव्हा घरात नुकताच रंगीत टीव्ही आला होता. तिने गायलं की टीव्हीत सगळं जग दिसतं, पण स्वैपाकघराला खिडकी नाही. राजे गेले, गोरे गेले, पक्ष आले, पक्षांचे तुकडे झाले. गाण्यात सगळ्यांची हजेरी होती. फक्त दुसऱ्या ओळीत दरवेळी तीच चूल.

आणि गंमत अशी की घरच्या पुरुषांनी हे गाणं कधी ऐकलंच नव्हतं. शब्द तर नाहीच. चाल मात्र त्यांच्या कानात मुरलेली, कारण घरात कोणी पुरुष डोक्यावर मिरी वाटू लागला की बायका भाजी चिरताना तीच गुणगुणत. पुरुषांची समजूत अशी की हे कुळातलं काही मंगलगान आहे, म्हणून व्यासराजने तीच चाल गाण्याला दिली होती. शेजारणी तमिळ, त्यांना मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रत्येक झोपाळ्याला कोणीतरी शेजारी बसून कडवं तमिळमध्ये उलगडून सांगायचंच. त्यामुळे या चालीवर काय म्हणायचं असतं, हे गल्लीतल्या पोरीसोरींनासुद्धा पक्कं ठाऊक होतं.

आणि त्या चालीवर आता मद्रासची गायिका तमिळमध्ये गात होती, "गल्लीत उजेड आणला कोणी? विजयराघव अण्णांनी! गटारावर फरशी घातली कोणी? विजयराघव अण्णांनी!"

पडद्यावर विजयराघव राव जरीकाठी वेष्टी नेसून, मनगटावर घड्याळ बांधून नांगराला हात लावून उभे होते. नांगराला बैल नव्हते. त्यांचं भाडं व्यासराजला परवडलं नसावं.

समोरच्या घरातली धनलक्ष्मी, भांडीवाल्याची बायको, आधी नुसती खोकली. मग तिने पदर तोंडात कोंबला. मग शेजारचीचा दंड धरला, आणि मग बांध फुटला. "अय्यो, अय्यो," करत ती लोळायचीच बाकी राहिली. तिच्यामागून सगळ्या. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. "उजेड आणला कोणी" ला दारातल्या तिघीचौघींनी आपसूक ठेका धरला, "झुला गे झुला!"

विजयराघव रावांना आकाश ठेंगणं झालं. चंद्रमौळीच्या गुडघ्यावर थाप मारून ते म्हणाले, "बघितलंत? सगळ्या वेड्या झाल्यात आनंदाने!"

"जनतेच्या नाडीवर बोट ठेवलं की असंच होतं," चंद्रमौळी म्हणाला. गेल्या दोन निवडणुकांत गाण्याचे हेच शब्द त्याने आणखी तीन उमेदवारांना दिले होते. नाव तेवढं बदलायचं, गटार तेच.

*

"मी चाल बदलायला सांगते," पाहुणे गेल्यावर स्वैपाकघरात अंबुजा म्हणाली. "रविवारी हेच गाडीवर मोठ्या टीव्हीवर लावणार. वॉर्डातली एक बाई मत देणार नाही मला. हसून हसून घरी जातील नि छत्रीच्या नावाने जन्मभर हसतील."

"सांगाल काय?" वेंकटलक्ष्मीने विचारलं. ती कपबशा विसळत होती आणि चेहऱ्यावरून अजून हसू ओसरलं नव्हतं. "अहो, ही आपल्या घरच्या पुरुषांना शिव्या द्यायची चाल आहे, असं?"

"हो, असंच."

"मग ते विचारतील, कोणत्या शिव्या. आणि पहिल्यांदा विचारतील, तुझी कोणती. आक्का, माझ्या यांचं दुकान या एका व्हिडिओवर उभं आहे हो. चार उमेदवार रांगेत आहेत. आज बदला म्हणालात तर ते कोलमडतील."

"म्हणजे तू त्यांच्या बाजूची."

"मी भांडी घासत्येय, बाजू कसली घेऊ?"

तोवर कोपऱ्यात पाटावर बसलेल्या अंबाबाईंनी काठी आपटली. अंबाबाई म्हणजे विजयराघव रावांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं होऊन माहेरी परत आल्या त्या इथेच राहिल्या. झोपाळ्याचं गाणं त्यांच्या ताब्यात. त्यांची भाषाही त्या गाण्याच्याच वयाची.

"कोणी कांहीं सांगायचें नाहीं," त्या म्हणाल्या. "बायकांचें तें बायकांत. पुरुषांला एकदां कळलें, कीं पुढच्या सुनेला झोपाळ्यावर कोण बोलूं देईल? तैमध्यें तुझ्या लेकाचें, सुंदरेशाचें, लग्न. त्या पोरीनें काय करावें? स्तोत्र म्हणावें?"

"वन्सं, मग मी हरू?"

"दीडशें वर्षें सगळ्या हरल्याच कीं. त्यांनीं गाणें नाहीं विकलें."

अंबुजाला एकदम रडू आलं, आणि ते रागाचं होतं. बोलावं तर येणाऱ्या सुनेचा एक दिवस जातो. न बोलावं तर आपली जागा जाते. आणि ज्यांनी हा घोळ घातला ते दोघे भाऊ बाहेर तिसऱ्यांदा कॅसेट लावून स्वतःला पाहत बसलेत.

"तुमच्या सासरी काय म्हटलं होतंत हो तुम्ही?" तिने नाक ओढत विचारलं. "इतकी वर्षं झाली, कधी सांगितलं नाहीत."

अंबाबाईंनी पदराने काठीची मूठ पुसली. "माझ्या सासरीं झोपाळा नव्हता," त्या म्हणाल्या. "बोलायचें राहून गेलें."

वेंकटलक्ष्मीने हातातली कपबशी बादलीत तशीच सोडली.

*

अंबुजा आडून बोलून पाहणार होती. विजयराघव राव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते, मजेत होते, आणि काय गुणगुणत होते ते सांगायला नको.

"ही चाल नको सभेला," ती म्हणाली. "घरची चाल आहे."

"म्हणून तर हवी! ही ऐकली की मला आईच आठवते. दुपारभर गुणगुणायची. बाबा बाहेरून आले की अंमळ जास्तच." त्यांचा आवाज खरोखर हलला. "आणि तू. लग्नाच्या पहिल्या वर्षी तर दिवसभर. मी मनात म्हणायचो, बायको सुखात आहे."

त्या वर्षी अंबुजाने किती वेळा ही चाल गुणगुणली होती, आणि कशाकशावर. इतक्या वर्षांत या माणसाने एकदाही विचारलं नव्हतं की बाई, गाण्याचे शब्द काय. तिला त्यांची कीव आली, मायाही आली, आणि लगेच पुन्हा संताप आला.

"बरं, चाल राहू द्या," ती म्हणाली. "मग सभेत मला बोलू द्या."

"दिलंय की लिहून. 'वणक्कम. छत्रीला मत द्या. नंद्री.' नमस्कारापासून आभारापर्यंत सगळं आलं. "

"मला पाण्याबद्दल बोलायचंय."

"पाण्यावर मी बोलणार आहे."

"तुम्ही कधी नळावर उभे राहिलात?"

"पाण्यावर बोलायला नळावर कशाला उभं राहावं लागतं?" त्यांना खरंच नवल वाटलं. "हे बघ, तू नुसती हात जोडून बस. चेहरा तुझा, डोकं माझं. निवडून आल्यावर सहीपुरती तू. मी काय तुझ्या वाईटावर आहे का?"

नव्हतेच. तीच तर पंचाईत होती. वाईटावर असलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. अंबुजा आत गेली, विळी ओढली, भेंडी चिरायला घेतली आणि गुणगुणू लागली. ओसरीवर विजयराघव रावांनी प्रसन्न होऊन मान डोलावली.

*

रविवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मोडक्या बोअरिंगजवळ सभा झाली. जागा व्यासराजने निवडली होती, ट्यूबलाइटची वायर तिथवर पोचत होती म्हणून. स्टेजवर चार खुर्च्या, त्यांतली कडेची उमेदवाराची. समोर सतरंज्यांवर बायका, मागे पुरुष. धनलक्ष्मी सगळं गणगोत घेऊन आली होती. भांडीवाल्याचं दुकान लवकर बंद झालं होतं. अख्ख्या वॉर्डात बातमी गेली होती की रावांच्या घरचे पुरुष झोपाळ्याच्या चालीवर आपली स्वतःची स्तुती लावणार आहेत. अशी सभा कोण चुकवील?

पहिल्या रांगेत, मांडीवर काठी ठेवून, अंबाबाई बसल्या होत्या. शेजारी वेंकटलक्ष्मी. तिने त्या दिवशी नवऱ्याशी जेवणापुरतंही बोलणं ठेवलं नव्हतं, आणि व्यासराज ते व्हिडिओच्या टेन्शनमुळे समजत होता.

व्हिडिओ लागला. काय झालं ते सांगायची गरज नाही. "उजेड आणला कोणी" ला तर पोरं बोअरिंगवर चढून नाचली. अंबुजा स्टेजवर हात जोडून बसली होती आणि तिच्या कानशिलांतून वाफ निघत होती. समोरच्या एकेका बाईच्या घरची कॉफी ती प्यायली होती. त्यांतल्या एकीने, मोडक्या दांड्याबद्दल सांगणारीने, हसता हसता तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. संपलं, अंबुजाने मनात म्हटलं. आता मी म्हणजे आणखी एक विनोद.

मग विजयराघव राव माईकपुढे आले. आनंदाच्या लाटेवर स्वार होऊन ते अर्धा तास बोलले. दरबारातल्या पूर्वजांपासून सुरुवात केली, सामाजिक न्यायावर आले. स्त्री म्हणजे शक्ती, स्त्री म्हणजे कावेरी, आजपासून घरात आणि दारात स्त्रीपुरुष समान, असं म्हणताना त्यांनी इतका उंच सूर लावला की घशाला कोरड पडून खोकल्याची उबळ आली. खोकत खोकत ते मागे वळले. माईक हातात तसाच होता, चालू होता, आणि पुढचे शब्द कर्ण्यांतून पार देवळाच्या रथाच्या गल्लीपर्यंत खणखणीत गेले. ते तमिळमध्ये म्हणाले, कारण सभा तमिळ होती:

"अगं ए, पाणी आण."

सतरंज्यांवरच्या बायकांच्या माना एकदम वर झाल्या.

अंबुजा अडुसष्ट साली या घरात आली होती. राज्यात तेव्हा सरकार पालटून वर्षच झालं होतं, चौकाचौकांत समतेच्या सभा होत होत्या, आणि तिचा नवरा एकही सभा चुकवत नव्हता. दुसऱ्या दिवशी झोपाळ्यावर बसून तिने गायलं होतं:

*चौकात घोष केला, समान सारे जन, झुला गे झुला,*
*दारातून हाक देतो, पाणी आण, पाणी आण, झुला गे झुला.*

तिच्या शेजारी बसून तिचं कडवं तमिळमध्ये उलगडून सांगणाऱ्या अंबाबाईच होत्या. ऐकणाऱ्यांत धनलक्ष्मी होती, तेव्हा नवी नवरी. तिने ते आपल्या जावांना सांगितलं, जावांनी लेकींना. आता पहिली ओळ विजयराघव रावांनी अर्धा तास लावून, सामाजिक न्यायासकट, स्वतःच म्हटली होती. दुसरीही त्यांनीच म्हटली होती. कोणी कोणाचं गुपित फोडलं नव्हतं. आता फक्त धृपद उरलं होतं.

पहिल्या रांगेतून एक म्हातारा, चिरका, पण तालात पक्का सूर उठला.

"झुला गे झुला!"

अंबाबाई. डोळे मिटलेले, काठीने जमिनीवर ठेका. वेंकटलक्ष्मीने लगेच सूर धरला. मग धनलक्ष्मीने, मग तिच्या गणगोताने, मग सतरंज्यांवरच्या सगळ्याच्या सगळ्या बायकांनी. ज्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता त्या टाळ्या वाजवून मराठीत गात होत्या. आणि या वेळी हसताना त्या टीव्हीकडे पाहत नव्हत्या, रावांकडेही नाही. त्या अंबुजाकडे पाहत होत्या, माहेरच्या बाईकडे पाहावं तसं.

अंबुजा उठली. स्टेजवरच्या टेबलावर पितळी तांब्या होता, वर पेला उपडा. ती तांब्याकडे गेली तशी विजयराघव रावांनी सवयीने हात पुढे केला. तिने पेला भरला, त्यांच्या हातातला माईक काढून घेतला, आणि पाणी स्वतः प्यायली. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. खाली टाळ्या थांबल्या.

"आता," ती म्हणाली, "पाण्याचंच बोलू."

आणि बोलली. करंगळीएवढ्या धारेबद्दल, शाळेच्या वेळेबद्दल, पाठीमागच्या मोडक्या दांड्याबद्दल. कोणाच्या दारातला नळ कधी कोरडा पडतो ते तिने एकेकीचं नाव घेऊन सांगितलं, आणि ज्या बाईने मान खाली घातली होती तिने ती वर केली. तिचा आवाज मद्रासच्या गायिकेसारखा गोड नव्हता, पण एकही ओठ आकड्यांवर हलत नव्हता.

विजयराघव राव रिकाम्या हाताने उभे होते. ते वाकून पहिल्या रांगेतल्या बहिणीला हळूच म्हणाले, "ताई, मंगलगान आत्ताच का म्हटलंत? माझं भाषण संपायचं होतं."

"वेळ बरी होती," अंबाबाई म्हणाल्या.

त्यांना पुन्हा खोकला आला. त्यांनी अंबुजाकडे पाहिलं. ती बोलत होती. व्यासराजकडे पाहिलं, तो बायकोकडे पाहत होता. मग विजयराघव राव स्टेजच्या मागच्या बाजूने उतरले आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, पाणी कुठे ठेवलेलं असतं ते कोणाला तरी विचारत अंधारात निघाले.